सात नंबरचा कागद

आमच्या विभागात अज्ञात असं काहीच नव्हतं. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाच्या हातात दोन कागद पडायचे, एक आयआरचा, एक मासचा, आणि वर छापलेलं असायचं, ‘दिलेले अज्ञात संयुग ओळखा’. ते संयुग परीक्षार्थीला, परीक्षकाला, शिपायाला आणि फाटकाबाहेर चहाचा गाडा लावणाऱ्या माणसालासुद्धा ज्ञात असायचं. असे बारा कागद होते, बारा उत्तरं होती आणि ती बाराही एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत ओळीने लिहिलेली होती. निरोपसमारंभात जाणाऱ्या वर्गातला पहिला नंबर ही वही येणाऱ्या वर्गातल्या पहिल्या नंबराच्या हातात द्यायचा, वर नारळ ठेवून. समोर खुर्च्यांवर बसलेले सर टाळ्या वाजवायचे. मला ती वही मिळाली तेव्हा मी वाकून नमस्कार केला होता. हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवेन तेव्हा मला कुणी वेगळ्या पंगतीला बसवू नये.

ज्यांना या कागदांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयआरच्या कागदावर एक रेघ असते. ती वरून सरळ चालत येते आणि मध्येमध्ये खाली बुडते. कुठे बुडते यावरून रेणूमध्ये कोणते बंध आहेत ते समजतं. मासचं यंत्र रेणू सरळ फोडतं आणि तुकड्यांची वजनं मांडतं. कागदावर लहानमोठ्या उभ्या काड्या दिसतात. बहुधा शेवटची काडी अख्ख्या रेणूची असते, अलीकडच्या तुकड्यांच्या. दोन कागद शेजारी ठेवायचे, वजाबाक्या करायच्या, कोणता तुकडा तुटून पडला असेल ते ठरवायचं आणि उलट दिशेने जात पूर्ण रेणू उभा करायचा. तासाभराचं काम आहे, आणि डोकं लागतं. आमच्याकडे ते कुणी करत नसे. कागदाची शेवटची काडी बघायची, वहीतला आकडा आठवायचा आणि नाव लिहायचं. याला आमचे इनामदार सर ‘स्पेक्ट्रल इंटरप्रिटेशन’ म्हणत.

इनामदार सर हे विभागप्रमुख. खिशाला चार पेनं, त्यातलं लिहायचं एकच. तरुणपणी काढलेल्या नोट्स ते वर्षानुवर्षं वाचून दाखवत, विनोदासकट. विनोदाचं पान आलं की आम्ही आधीच हसायला सुरुवात करायचो, कारण तोही वरच्या वर्गाने कळवलेला असायचा. त्यांना कुणी प्रश्न विचारला की ते चष्मा वर करून म्हणत, “परीक्षेला नाही ते.” या माणसाने आयुष्यात एकही अज्ञात संयुग स्वतः ओळखलेलं नव्हतं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्याने माझं काही अडलं नाही. मला ओळखायला शिकायचं नव्हतं, पहिलं यायचं होतं.

ते आमच्या घरचं फर्मान होतं. आम्ही मलकापूरचे. वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि उसात उतरले. मुलीच्या शिक्षणाबद्दल त्यांचं एकच मत होतं, “पहिला नंबर आना चाहिए. दुसरा म्हणजे हरलेला.” सांगलीला प्रवेश मिळाल्यावर त्यांनी मला विश्रामबागेत माझ्या आत्याकडे आणून सोडलं. माझ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने माझं नाव घातलं होतं, जणू माझी बदलीच झाली होती. आत्याचं घर तीन खोल्यांचं, आणि तिन्ही खोल्या पिवळ्या. भिंतींना चुनाच होता, पण आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायची, मार्केट यार्डात हळदीचे अडते होते आणि नमुन्याच्या हळदीच्या पुड्या घरभर पसरलेल्या असायच्या. पाण्याच्या तांब्यावर पिवळी बोटं, पेपरच्या कोपऱ्यांवर पिवळी बोटं, माझ्या नोट्सवर पिवळी बोटं. सकाळी कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी जाग यायची ती एका आवाजाने, कट्‌. मामा ओसरीवर बसून हळकुंड मोडत असत. मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, चावायचं, थुंकायचं, पुढचं घ्यायचं. आत्या आतून ओरडायची, “अहो, ओसरीवर थुंकू नका, पोरगी अभ्यासाला बसलीय.” आणि मग आख्ख्या मसुराला फोडणी बसायची आणि हळदीचा, लसणाचा आणि रॉकेलचा एकच वास माझ्या ॲप्रनला लागून कॉलेजात जायचा.

एकदा जेवताना मामांनी विचारलं, “तुमचं ते यंत्र करतं तरी काय गं, सुजाता?” मी उपकार केल्यासारखं सांगितलं, “रेणू मोडतं आणि तुकडे मोजतं.” मामा भाकरी मोडता मोडता हसले. “मग आमचाच धंदा की! पोत्यावर काय लिवलंय ते हमालाला वाचू दे. आपुन मोडून बघायचं.” मला राग आला. दिवसभर हळद चावून थुंकणारा माणूस स्वतःला माझ्या विषयाच्या पंगतीत बसवतो म्हणजे काय? आणि यंत्र तर आमच्या कॉलेजात नव्हतंच. आमच्याकडे यंत्राने काढलेल्या कागदाच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती. पण हे मामांना सांगायची गरज मला वाटली नाही.

माझ्या शेजारच्या बाकावर मंगल होती. जतकडची, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, आता थोडी बाजरी आणि थोडी डाळिंबं. वसतिगृहात राहायची, डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, आणि तोंडात ‘आमी’, ‘हुतं’, ‘न्हाई’. ती सेमिनारला उभी राहिली की मागच्या बाकावरून बें-बें असा आवाज यायचा. आवाज काढणाऱ्यांचे आजोबासुद्धा गुरांमागेच होते, पण त्यांचे वडील तालुक्याच्या गावी राहायला आले होते, तेवढी ऐट पुरे होती. मी आवाज काढत नसे. मी फक्त हसायची. लाल वहीची झेरॉक्स मी वर्गात सगळ्यांना दिली. मंगलला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “उत्तरंच हायती व्हय त्यात? मग मी काय करू?” असं म्हणून ती ग्रंथालयातल्या, मधली पानं ब्लेडने कापून नेलेल्या पुस्तकापाशी जाऊन बसली. पुस्तकातले कागद घेऊन ती वजाबाक्या करायची. मला ती मठ्ठ वाटायची. जतजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात जूनमध्ये रसायनशास्त्राची जागा निघणार होती आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी तिच्या भावाला शब्द दिला होता, पोरगी पहिल्या फटक्यात पास झाली तर जागा तिची. इतकं सरळ समोर असताना ही बाई वही नको म्हणते, यापुढे मठ्ठपणा तो कोणता?

पुढचं सगळं घडलं ते खंडेनवमीमुळे. त्या दिवशी प्रयोगशाळेत पूजा असे. तराजू, ब्युरेट, गॅसचा बर्नर, सगळ्यांना हळदकुंकू. ब्युरेटच्या तोटीत अडकलेलं कुंकू मग संक्रांतीपर्यंत निघत नसे. मध्यभागी पाटावर ग्रंथ म्हणून लाल वही. मी आणि मंगल रांगोळी काढत होतो. प्रयोगशाळेचे गणपतकाका पूजेसाठी कपाटातल्या बाटल्या काढून ओल्या फडक्याने पुसत होते. त्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवलेल्या होत्या, कारण खळ घरी करता येते आणि गोंद मागवायला अर्ज करावा लागतो. थोड्या वेळाने काका कपाळाला हात लावून आले. “आवं सर, चिठ्ठ्या निघाल्या. बादलीत पवायल्यात.”

“किती?” सरांनी विचारलं.

“खालच्या फळीवरच्या समद्या.”

“मग लाव की परत. कुठली कुठं होती ते माहीत आहे ना तुला?”

“तशी हाय ध्यानात,” काका म्हणाले. त्या ‘तशी’वर कुणीच थांबलं नाही, एक मंगल सोडून. रांगोळीचा हात झटकत ती म्हणाली, “सर, वास घिऊन बघूया का? मला थोड्या वळखायला येत्यात.” सरांनी चष्मा वर केला. “रसायनांचा वास घ्यायचा नसतो. पहिल्या वर्षाला शिकवलंय.” सगळे हसले. काकांनी चिठ्ठ्या उन्हात वाळवल्या, नवी खळ केली, आणि आरती झाली.

दिवाळीनंतर सरांच्या लक्षात आलं की झेरॉक्सची झेरॉक्स करून करून काही कागद नुसते काळे झालेत. म्हणून त्यांनी त्या संयुगांचे नमुने बाटल्यांतून काढून, ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांच्याकडे पाठवले आणि नवे स्वच्छ कागद मागवले. ते आले, त्यांच्यावर नंबर पडले आणि ते कुलपात गेले. उत्तरं जुनीच होती. ती बदलायचं कारणच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मला सात नंबर आला. शेजारी मंगललाही सात. मी मासचा कागद उलटा करायच्या आधीच उत्तर मनात तयार होतं, सात, एकशेवीस, ॲसिटोफिनोन. शेवटची काडी खरोखर एकशेवीसला होती. मी नाव लिहिलं आणि आता खाली चार ओळींचं स्पष्टीकरण भरायचं म्हणून एकशेपाचची काडी शोधली. ॲसिटोफिनोनचा मिथिल गट सहज तुटतो, पंधरा वजन जातं आणि एकशेपाच उरतात. ती काडी सगळ्यांत उंच असते, आंधळ्यालाही दिसेल इतकी. ती नव्हती. तिच्या जागी पांढरा कागद होता. उंच काडी एकशेएकोणीसला होती, म्हणजे फक्त एक हायड्रोजन गेलेला, आणि दुसरी एक्याण्णवला, म्हणजे एकोणतीस गेलेले. मी आयआर ओढला. सत्तावीसशे वीस आणि अठ्ठावीसशे वीसला दोन छोटे दात खाली लोंबत होते. ते अल्डिहाइडशिवाय कुणाचे नसतात. बादलीत पोहणाऱ्या चिठ्ठ्या मला त्याच क्षणी आठवल्या. पॅरा-मिथिल बेन्झाल्डिहाइड. वजन तेच, एकशेवीस, पण माल वेगळा. खालच्या फळीवरची शेजारची बाटली.

दोन वर्षांत मी पहिल्यांदा एक संयुग ओळखलं होतं. मला आनंद झाला होता हे कबूल करते. तो पंधराएक मिनिटं टिकला. मग मी विचार केला की उत्तरपत्रिका तपासणार इनामदार सर. ते कागद बघणार नाहीत, नाव बघतील. दुसऱ्या नंबरावर पाटलांचा दीपक टपलेला होता, आणि त्यानेही वही पाठ केलेली होती. मी लिहिलेलं नाव तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं, ‘एकशेपाच येथे मिथिल गट निघून गेल्याचे दिसते, तीव्रता कमी’. सुवाच्य अक्षरात. मान वर केली तेव्हा मंगल आपल्या कागदावर वजाबाकी मांडत होती, बोटाने खाली दाबून, जणू कागद उडून जाईल.

दुपारी तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक जेवून बसले होते. त्यांच्यासाठी जेवणात बासुंदी होती, ती माझ्या आत्याने आटवून दिली होती, कारण परीक्षकांना घरचं लागतं हे सरांनी मला दोनदा सुचवलं होतं. परीक्षकांच्या समोर भडंगाची बशी होती आणि डोळे अर्धे मिटलेले. माझ्या आधी मंगलला बोलावलं. मी दारातच उभी होते.

“हे काय लिहिलंस?” सरांनी उत्तरपत्रिका दोन बोटांत धरली होती.

“पॅरा-मिथिल बेन्झाल्डिहाइड, सर.”

“वजन किती आलं?”

“एकशेवीस.”

“आणि ॲसिटोफिनोनचं किती असतं?”

“तेबी एकशेवीसच, सर. दोन्हीचं येकच हाय.”

“म्हणजे माहीत होतं, तरी चुकीचं लिहिलंस! शाबास.” परीक्षक डोळे न उघडता हसले.

“तसं न्हाई सर. ॲसिटोफिनोन असतं तर एकशेपाच लय मोठी पायजे हुती. ती कुठं हाय? हितं एकशेएकोणीस हाय, एक्याण्णव हाय. आन्‌ आयआरला ह्ये दोन दात बघा की.”

“तो यंत्राचा कचरा असतो.”

“दोन्ही कचरं बरोबर आल्डिहाइडच्याच जागंला कसं पडलं, सर?” तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “आवं, तुमी कागद बघा तरी.”

आता बाहेरच्या परीक्षकांचे डोळे उघडले. त्यांनी बशी सरकवली आणि कागदासाठी हात पुढे केला. “बघू.” त्या माणसाला विषय येत होता, हे मला नंतर कळलं. सरांनी कागद दिला नाही. त्यांनी दाराकडे बघितलं. “सुजाता, तुलाही सातच ना? ये. सांग यांना, एकशेपाच आहे की नाही?”

मंगलने माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. तिला वाटलं, साक्षीदार आला.

“आहे, सर,” मी म्हणाले. “लहान आहे.”

परीक्षकांचा हात मागे गेला. भडंगाच्या बशीकडे.

मी बाहेर आले तेव्हा मंगल जिन्याच्या पायरीवर बसून ॲप्रनची घडी घालत होती. मला तिला टाळता आलं नाही, जिना एकच होता. ती म्हणाली, “तुझा पेन थांबला हुता.”

“कधी?”

“एकशेपाचला. मी बघितलं. लय वेळ थांबला हुता. तुला दिसलं हुतं न्हवं?”

मी होकाराची मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. कुणी ऐकत नव्हतं म्हणून असेल.

“मग बरं झालं,” ती म्हणाली. “मला वाटाय लागलं हुतं, मलाच काय दिसंना झालंय.” ती उठली, ॲप्रन काखेत घेतला आणि वसतिगृहाकडे गेली. शिवी दिली नाही, रडली नाही. ती रडली असती तर मी घरी जाऊन तिची टिंगल केली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. संध्याकाळी मामांनी विचारलं, “कसं गेलं?” मी म्हटलं, “छान.” ते पुन्हा हळकुंडाकडे वळले. कट्‌.

मंगल त्या प्रात्यक्षिकात नापास झाली. जूनची जागा दुसऱ्याला गेली. ऑक्टोबरमध्ये ती परत बसली आणि सुटली, पण तोवर जागा राहिली नव्हती. पुढे ती विजापूरच्या बाजूला शिकवायला गेली असं ऐकलं. तिला शोधणं आजच्या काळात पाच मिनिटांचं काम आहे. मी शोधलेलं नाही, आणि त्याचं कारण कामाची गडबड हे नाही.

माझा पहिला नंबर आला. आण्णांनी कंदी पेढे वाटले. निरोपसमारंभाच्या आधी लाल वही नवी उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण जुनीची पानं सुटली होती. नव्या कागदांच्या झेरॉक्स सोबत जोडायच्या होत्या. आठवडाभर ती वही ओसरीवर माझ्यासमोर होती. सात नंबरपुढे काय लिहायचं हे फक्त माझ्या हातात होतं. मी ‘१२० – ॲसिटोफिनोन’ असं लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ मारली. स्वतःला पटवलं की खरं लिहिलं तर पुढच्या वर्षीची मुलं नापास होतील, मी त्यांना वाचवतेय. सात नंबरच्या झेरॉक्सची एक जादा प्रत मात्र काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

ती प्रत आज माझ्या टेबलाच्या खणात असते. मी एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते. आमच्याकडे दोन्ही यंत्रं आहेत, चिठ्ठ्या खळीने लावत नाहीत आणि बासुंदी कुणाला देत नाहीत. नव्या मुलामुलींच्या मुलाखती मीच घेते. इकडतिकडचं विचारून झालं की सात नंबरचा कागद पुढे सरकवते. मुलाखतीला येणारे बहुतेक फर्स्ट क्लासवाले, पुष्कळदा पहिल्या नंबराचे, आणि त्यांच्यातले दर वर्षी दोनतीन माझ्याच कॉलेजातले. हे दोनतीन कागद हातात घेतात, शेवटची काडी बघतात आणि श्वास घेण्याआधी सांगतात, “ॲसिटोफिनोन, मॅडम.” त्यांना हे कुठून कळलं ते मी विचारत नाही. वहीतलं ते अक्षर माझंच आहे.

मी एवढंच विचारते, “एकशेपाच कुठं आहे?”

मग ते कागदाकडे बघतात. खरंच बघतात, आणि त्यांना दिसतं, बोट कागदावर थांबतं ते मला टेबलाच्या या बाजूने स्पष्ट कळतं. मग ते बोट उचलतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात, मला काय हवंय ते वाचायला. आणि म्हणतात, “आहे, मॅडम. लहान आहे.”

मी आभार मानते आणि त्यांना परत पाठवते. मला कुणी परत पाठवलं नव्हतं.